निष्काम कर्मयोगी महर्षी कर्वे

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी अभयास अग्रस्थान दिले आहे. आणि त्याच गणनेत थोडे पुढे ‘ह्री’ म्हणजे लज्जा हिचाही समावेश केला आहे. निर्भयता व लज्जा या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात कशा नांदाव्यात, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात त्या दोन्ही शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

कर्वे घराणे कोकणातील मुरुडचे. धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. मुलगा शरीराने किरकोळ आणि स्वभावाने इतका भिडस्त, की चारचौघांत तोंड उघडणे त्याला संकटासारखे वाटे. या लाजाळूपणाची कबुली त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने दिली आहे.

मुरुडच्या शाळेतील सोमण गुरुजींनी या मुलाचे अंतःकरण ओळखले. त्यांनी त्याला धीटपणाचा उपदेश केला नाही, काम दिले. गावच्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, एवढेच ते काम. दृष्टी कागदावर, शब्द दुसऱ्याचे, आणि ऐकणाऱ्यांचे कल्याण हा हेतू; अशा रीतीने त्या मुलाचा आवाज प्रथम समाजात उमटला. मुलांना भित्रे म्हणून हिणविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी गुरुजींची ही युक्ती अवश्य ध्यानात घ्यावी.

१८७५ साली सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा देण्याकरिता धोंडोपंत सोबत्यांबरोबर साताऱ्यास निघाले. पावसाचे दिवस, मध्ये सह्याद्रीचा घाट. सुमारे ११० मैलांची वाट त्यांनी पायी तुडविली. परंतु उमेदवाराचे वय सतरा तरी असावे असा नियम होता, आणि हा मुलगा तेवढा दिसत नाही असे ठरवून त्याला परत लावण्यात आले. आले तसे ते माघारी गेले आणि पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी, असे त्यांचे शिक्षण सावकाश पार पडले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली.

येथून पुढे खरी कसोटी आहे. लोकांच्या नजरेला नजर देण्यास कचरणाऱ्या या पुरुषाने ११ मार्च १८९३ रोजी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवा स्त्रीशी प्रकटपणे विवाह केला. मुरुडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरी उतरल्यास त्यांच्या बंधूंच्या कुटुंबावरही बहिष्कार पडेल, असे ठरले. वृद्ध मातेच्या घरी राहण्याची सोय उरली नाही. धोंडोपंतांनी कोणाला दुरुत्तर केले नाही, आणि टाकलेले पाऊलही मागे घेतले नाही. शास्त्रकारांनी जी लज्जा दैवी मानली ती अनुचित कर्म करण्याची लज्जा होय. उचित कर्म करताना वाटणारा संकोच ती नव्हे. हा भेद धोंडोपंतांनी वादविवादाने नव्हे, आचरणाने जाणला होता.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि नंतर हिंगण्याची वाट पायी चालायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. भिडस्त मनुष्याला सर्वांत कठीण कार्य म्हणजे दुसऱ्याच्या दारी जाऊन मागणे. तेही ते गावोगाव हिंडून करीत राहिले. मिळेल ती लहान रक्कम कृतज्ञतेने स्वीकारून तिचा हिशेब चोख ठेवीत. स्वतःकरिता त्यांना चार आणेही मागता आले नसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९०८ साली संस्थांना आजन्म सेवक मिळावेत म्हणून त्यांनी जो मठ काढला, त्याचे नाव गीतेतूनच घेतले: निष्काम कर्म मठ.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते विद्यापीठ उभे राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लक्ष रुपयांचे दान दिले. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. १९२९ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, धोंडोपंत विलायतेस गेले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रियांच्या शिक्षणावर आणि जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेत आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगावर ते बोलले. ते वक्ते मात्र अखेरपर्यंत झाले नाहीत. बोलणे साधे, संथ, आणि कामापुरतेच राहिले.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवे मंडळ काढून पुन्हा वर्गणी मागण्यास आरंभ केला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. हिंगण्याच्या त्या परिसरास आता कर्वेनगर म्हणतात.