सावित्रीबाई फुले आणि भटजीविना लागलेली लग्ने

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ सालची पुण्याच्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा आठवते. दरवर्षी ३ जानेवारीला आपण तिचाच गौरव करतो. पण याच माउलीने आपल्या घरात लग्नाची एक नवी रीत रुजवली, हे आपल्या मुलाबाळांना क्वचितच सांगितले जाते. लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून ही ओळख.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० मध्ये त्यांचे लग्न लागले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे होते. त्या काळच्या सगळ्याच लग्नांप्रमाणे ते वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि भटजींनी लावले. नवरा-नवरीने एकमेकांना काही वचन द्यावे, असा विचारही कोणाच्या मनात नसे. पुढे जोतिरावांनी पत्नीला घरी शिकवले, दोघांनी शाळा काढल्या आणि त्यापायी १८४९ मध्ये त्यांना घर सोडावे लागले.

जोतिराव तरुणपणी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचून भारावले होते. या पेनचे वडील क्वेकर पंथाचे. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने निघालेल्या या पंथात लग्न लावायला पुरोहित लागत नाही. शांत बसलेल्या मंडळींसमोर वधू-वर उभे राहून एकमेकांना शब्द देतात आणि जमलेले सगळे साक्षीदार म्हणून कागदावर सह्या करतात. इंग्लंडच्या १७५३ च्या विवाह कायद्यानेही या रीतीला सूट दिली होती. अनेक क्वेकर घराण्यांनी ती पिढ्यान्पिढ्या जपली आहे. आपल्याकडची सत्यशोधक रीत वेगळ्या मातीत उगवली. तिच्यामागे जातीचे आणि वतनदार जोशांच्या हक्काचे ओझे होते. पण दोन्हीकडे गाभा एकच: लग्न लावणारा तिसरा कोणी नसतो, शब्द वधू-वरांचा असतो आणि साक्ष समाजाची.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी राधा वधू होती आणि सीताराम जबाजी आल्हाट वर. जोतिरावांनी त्यासाठी नवी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू स्त्रीच्या हक्कांचे मागणे मांडते आणि वर ते मान्य करतो. १८८७ मध्ये हा विधी पुस्तकरूपाने छापला गेला.

ही वाट सोपी नव्हती. १८८४ साली ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरचे लग्नकार्य भटजीविना केले, तर गावचे जोशी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात गेले. स्वतःच्या घरचे लग्न स्वतः लावायचे, तर त्यासाठीही भांडावे लागत होते.

खरी कसोटी सावित्रीबाईंच्या स्वतःच्या घरी लागली. १८७४ मध्ये त्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला होता. विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार? शेवटी सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांनी आपली लेक राधा दिली. जोतिरावांना १८८८ मध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. तशा दिवसांत, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, हे लग्न सत्यशोधक पद्धतीने पार पडले. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी राहायला आणले होते, म्हणजे मुला-मुलीची ओळख व्हावी. ज्या बाईला नवव्या वर्षी कोणी विचारले नव्हते, तिने सुनेला विचार करायला वेळ दिला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्यांची प्राणज्योत मालवली. यशवंतराव तोवर डॉक्टर झाले होते आणि त्याच साथीत रुग्णसेवा करत होते.

आपल्या भैंसा भागाची रोटी-बेटी नांदेड, भोकर, धर्माबादकडे आजही चालते. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, सोयरीक बदलली नाही. लग्नासाठी कर्ज काढणारी घरे आपल्यातही आहेत. सावित्रीबाईंच्या रीतीला लागतात ती दोन माणसे, त्यांचे स्वखुशीचे शब्द, फुलांचे दोन हार आणि ऐकायला बसलेले आप्त. ज्या घरात अशी लग्ने झाली आहेत, त्यांनी आजी-आजोबांकडून त्याची हकीकत लिहून घ्यावी, मंगलाष्टके उतरवून ठेवावीत आणि पुढच्या लग्नात ती नातवंडांच्या तोंडून म्हणवून घ्यावीत.