नेटी स्टीव्हन्स

कोयनाकाठच्या पाटणात काय किंवा सातासमुद्रांपलीकडील अमेरिकेत काय, पीठ फार दिवस राहिले की त्यात किडे होतात. गृहिणी ते चाळून फेकून देते. नेटी स्टीव्हन्स यांनी मात्र अशाच किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली न्याहाळल्या.

नेटीबाईंचा जन्म १८६१ साली अमेरिकेत एका सुताराच्या घरी झाला. शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी पैसा साठविला आणि वयाच्या ३५ व्या वर्षी विद्यापीठात पाऊल टाकले.

मुलगा होणार की मुलगी, हे आईच्या आहारावर वा हवामानावर अवलंबून असते, असे त्या काळी मोठमोठे विद्वानही मानीत. नेटीबाईंना वेगळेच दिसले. किड्याच्या मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत १९ मोठी व एक अगदी चिमुकले. ते चिमुकले गुणसूत्र ज्या बीजातून येई, त्यातून नरच जन्मे. हा शोध त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केला.

माणसाचेही असेच आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी एक जोडी सामान्यतः स्त्रीमध्ये ‘एक्स-एक्स’ व पुरुषामध्ये ‘एक्स-वाय’ अशी असते. प्रत्येक जोडीतील एकेक गुणसूत्र बाळाला मिळते. आईकडून एक्सच येते. पित्याकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. आणि मुलगी झाली म्हणून बोल लावीत आले ते मात्र सुनेला!

एडमंड विल्सन यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच उलगडा झाला. ते नामांकित होते. पुष्कळ वर्षे श्रेय त्यांच्याच पदरी पडले. पुढे ब्रिन मॉर महाविद्यालयाने नेटीबाईंसाठी संशोधनाचे खास प्राध्यापकपद निर्माण केले. ते स्वीकारण्यापूर्वीच, १९१२ च्या मे महिन्यात, कर्करोगाने त्या निवर्तल्या.