पेशव्यांचा हिशेब ठेवणारे नाना फडणवीस नगरच्या किल्ल्यात कैदी का झाले?

फडणवीस म्हणजे दौलतीच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा अधिकारी. १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मलेले बाळाजी जनार्दन भानू म्हणजेच नाना फडणवीस. पानिपतातून ते जिवंत परतले आणि पुढे बारभाईंचे सूत्रधार झाले. १७९० मध्ये त्यांनी टिपूविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली, पण इंग्रजांची फौज पुण्यात कायमची पोसायला ते कधीच तयार झाले नाहीत.

घात झाला तो घरच्याच मदतीने. गादी मिळवण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने दौलतराव शिंद्यांच्या फौजेची मदत घेतली आणि बदल्यात कोट्यवधी रुपये कबूल केले. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडलं आणि नगरच्या किल्ल्यात डांबलं. इकडे पैशाच्या वसुलीसाठी सर्जेराव घाटग्याने पुणेकरांना अक्षरशः लुटलं. १७९८ मध्ये मोठी रक्कम मोजून नाना सुटले.

१३ मार्च १८०० रोजी नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईचा तह केला. कंपनीची सहा हजारांची फौज आली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला.