टोपीवरचा पक्षी, फांदीवरचा पक्षी

आज बागेत एखादा तांबट दिसला की आपण पटकन मोबाईल काढतो. पण एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी तो बंदुकीने पाडायचा, मग हातात घेऊन ओळखायचा, अशीच रीत होती. जिवंत पक्षी नुसता बघूनही ओळखता येतो, हे सर्वसामान्यांना शिकवणाऱ्यांत एक बाई अगदी पुढे होती. तिचं नाव फ्लॉरेन्स मेरियम बेली.

फ्लॉरेन्सचा जन्म 1863 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. घर रानाजवळ, थोरला भाऊ प्राणिशास्त्राचा वेडा, त्यामुळे लहानपणापासून पाखरांची ओळख. पुढे ती स्मिथ कॉलेजात शिकायला गेली. त्या काळात बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसं, पंख, कधी कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी मिरवायची फॅशन होती. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरत 700 टोप्या मोजल्या. त्यातल्या 500 हून जास्त टोप्यांवर पिसं किंवा पक्षी होते, तेही 40 जातींचे! शहरातला बाजार म्हणजे जणू मेलेल्या पाखरांचं प्रदर्शनच.

कॉलेजातल्या मुलीही अशाच टोप्या घालायच्या. त्यांना नुसता उपदेश केला असता तर कोणी ऐकलं असतं? फ्लॉरेन्सने वेगळी युक्ती केली. 1886 मध्ये तिने मैत्रिणीच्या मदतीने कॉलेजात पक्षिरक्षणाची संस्था काढली आणि मुलींना पहाटे पक्षी बघायला बाहेर काढलं. प्रसिद्ध निसर्गलेखक जॉन बरोज यांनाही बोलावलं. गाणारा, घरटं बांधणारा पक्षी एकदा डोळ्यांनी बघितला की तो टोपीवर खोचायचं मन कसं होईल? बघता बघता कॉलेजातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुली संस्थेत आल्या.

1889 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिचं पहिलं पुस्तक आलं. नाटक बघायला नेतात त्या छोट्या दुर्बिणीतून 70 नेहमीचे पक्षी कसे ओळखायचे, हे त्यात सोप्या भाषेत होतं. पुढे क्षयाच्या दुखण्यामुळे हवापालटासाठी तिला पश्चिमेकडे जावं लागलं. पण ती तिथेही स्वस्थ बसली नाही. कॅलिफोर्नियात घोड्यावर बसून पक्षी बघत हिंडली आणि त्यावरही पुस्तक लिहिलं!

1899 मध्ये व्हर्नन बेली या निसर्गतज्ज्ञाशी तिचं लग्न झालं. दोघं मिळून रानोमाळ भटकले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये ती शिक्षकांसाठी पक्ष्यांचे वर्गही घ्यायची. स्मिथ कॉलेजची पदवी तिला 1921 मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी मिळाली. न्यू मेक्सिकोतल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी 1931 मध्ये ब्रूस्टर पदक मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. 1948 मध्ये ती गेली. तोवर पिसांच्या व्यापाराला अमेरिकेत 1900 आणि 1918 च्या कायद्यांनी लगाम घातला होता.

मैत्रिणींनो, नवशिक्यांना तिने दिलेल्या सूचना आजही बागेत तंतोतंत लागू पडतात. भडक कपडे नकोत. हळू, आवाज न करता चाला. झटके देऊन हालचाल करू नका. बोलायचंच झालं तर अगदी हलक्या आवाजात. कॅमेरेवाल्यांसाठी यात एकाची भर घालावीशी वाटते: घरट्याच्या फोटोसाठी फांद्या बाजूला सारू नका. आडोसा गेला की पिल्लं उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. टोपीसाठी काय किंवा फोटोसाठी काय, आपल्या हौसेपायी पाखराचा जीव जाऊ नये, एवढंच!