दाताचा क्रमांक पाच

फ्रीडरिश मोह्स डॉक्टर नव्हते. त्यांचे आयुष्य खाणी आणि दगडांत गेले. तरी दंतवैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचे नाव आजही भेटते, आणि त्याचे कारण आपल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे.

आजच्या जर्मनीतील हार्ट्झ डोंगराच्या पायथ्याशी गेर्नरोडे या गावी 1773 मध्ये ते जन्मले. घरी व्यापार होता, पण त्यांचा ओढा शास्त्राकडे. हाले येथे आणि पुढे फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाणविद्यालयात ते शिकले. तेथे आब्राहाम वेर्नर हे त्या काळचे मोठे खनिजतज्ज्ञ त्यांचे गुरू होते. काही काळ खाणीवर फोरमन म्हणून काम केल्यावर 1802 मध्ये ते ऑस्ट्रियात गेले. एका श्रीमंत बँकरने जमवलेल्या खनिजांची सूची करायची होती. दगडांचे ढीग समोर, आणि कोणता कोणता हे ठरवायचे कसे?

खाणकामगार पूर्वीपासून एका दगडाने दुसऱ्यावर ओरखडा काढून पाहत. मोह्स यांनी त्यालाच शिस्त लावली. ग्राट्झ येथे शिकवत असताना, 1812 च्या सुमारास, त्यांनी दहा खनिजे क्रमाने मांडली. सर्वांत मऊ शंखजिरे, क्रमांक 1. पुढे जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, फेल्डस्पार, गारगोटीचे क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुंद, आणि शेवटी हिरा, क्रमांक 10. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढाच नियम. हे आकडे म्हणजे मोजमाप नव्हे, फक्त रांग आहे. कुरुंदाच्या नवापासून हिऱ्याच्या दहापर्यंतची उडी आधीच्या कोणत्याही पायरीपेक्षा कितीतरी मोठी आहे. नख साधारण अडीचवर येते, खिडकीची काच साडेपाचवर.

आता पाचवा क्रमांक पाहा. दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, याच अ‍ॅपेटाइट कुळातले आहे आणि त्याचा कठीणपणाही पाचच्या आसपास आहे. शरीरात याहून कठीण काही नाही. टूथपेस्टमध्ये बहुधा वापरला जाणारा कॅल्शियम कार्बोनेट तिसऱ्या पायरीवरचा. तो मळ काढतो, इनॅमलला सहसा धक्का लावत नाही. विटेच्या पुडीत आणि वाळू मिसळलेल्या राखुंडीत मात्र क्वार्ट्झ असते, क्रमांक 7. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याने दात घासले गेले आणि झिजले. झिजलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. लिंबूपाणी किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर तर इनॅमल काही वेळ आणखी मऊ पडते, म्हणून लगेच ब्रश करू नये. हे मऊ पडणे प्रयोगशाळेत ओरखड्याने नव्हे, तर हिऱ्याचे बारीक टोक ठरावीक भाराने दाबून, उमटलेल्या खळीच्या मापावरून मोजतात. धातूंची, काचेसारखी रचना असलेल्या नव्या मिश्रधातूंचीही, परीक्षा अशीच होते.

वेर्नर यांच्या निधनानंतर 1818 मध्ये फ्रायबर्गची त्यांची खुर्ची मोह्स यांच्याकडे आली आणि 1826 मध्ये ते व्हिएन्नात प्राध्यापक झाले. त्यांचा एक आग्रह मात्र टिकला नाही. वनस्पतींप्रमाणे खनिजांचेही वर्गीकरण आकार, वजन, कठीणपणा अशा बाह्य गुणांवरच करावे, रसायनाला त्यात जागा नको, असे ते मानत. हिरा आणि पेन्सिलीतले ग्राफाइट दोन्ही शुद्ध कार्बन. एक रांगेच्या शेवटी, दुसरे सुरुवातीला. कदाचित अशा उदाहरणांमुळेच त्यांना रसायनावर भरवसा वाटत नसावा. पण पुढच्या पिढीने रसायनाचीच बाजू घेतली, आणि फ्लोराइडमुळे इनॅमल आम्लाला अधिक टिकाव का धरते, हे कळले तेही रसायनातूनच. अ‍ॅपेटाइट हे नाव वेर्नर यांनीच दिलेले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फसवणूक, कारण हे खनिज वेगवेगळ्या रूपांत दिसून जाणकारांनाही चकवत असे.

1839 च्या सप्टेंबरमध्ये मोह्स पुन्हा दगड पाहायला निघाले होते. वाटेत इटलीतील आगोर्दो या खाणींच्या गावी त्यांचे निधन झाले. वय 66 होते.