फिरत्या पृथ्वीवरचा नेम

हजार मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज तर घ्यावा लागतोच. पण आणखी दोन गोष्टींचा हिशेबही ठेवावा लागतो, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. एक म्हणजे गोळीची स्वतःभोवतीची गिरकी आणि दुसरी पायाखालच्या पृथ्वीची. या दोन्ही गिरक्यांचे गणित गास्पार गुस्ताव्ह द कोरिऑलिस या फ्रेंच माणसाच्या कामाशी येऊन भिडते. गंमत अशी, की ज्या लेखनामुळे त्याचे नाव राहिले त्यात बंदूक कुठेच नाही. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते यामुळेच.

कोरिऑलिस 21 मे 1792 रोजी पॅरिसमध्ये जन्मला. वडील सोळाव्या लुईच्या सैन्यातले अधिकारी. त्याच वर्षी राजेशाही कोसळली आणि मुलाचे बालपण नान्सी गावात गेले. 1808 मध्ये एकोल पॉलिटेक्निक या नामवंत संस्थेच्या प्रवेश परीक्षेत तो दुसरा आला. पुढे रस्ते-पूल खात्यात इंजिनिअर झाला. प्रकृती मुळातच तोळामासा. त्यातच वडील गेले आणि घरचा भार अंगावर पडला. 1816 मध्ये त्याने पॉलिटेक्निकमध्येच शिकवण्याची नोकरी धरली.

त्याचा जीव रमला तो यंत्रांत. पाणचक्कीला मिळणारी किती शक्ती कामी येते आणि किती वाया जाते, हा त्याचा प्रश्न. 1829 च्या ग्रंथात त्याने ‘कार्य’ या शब्दाला शास्त्रातला नेमका अर्थ दिला. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला तो ‘अर्धा’, जो आपण शाळेत घोकला, तोही त्याचाच आग्रह.

मग आले 1835 साल. त्या एका वर्षात त्याची दोन कामे प्रसिद्ध झाली. एक निबंध फिरत्या यंत्रांच्या भागांवर: चाक फिरत असताना त्यावरून सरकणारी वस्तू आडवी का ढकलली जाते, याचे गणित. दुसरे पुस्तक चक्क बिलियर्डवर: गिरकी दिलेला चेंडू वाट कशी वाकवतो, याचे.

आता रायफलकडे वळू. नळीच्या आतल्या पिळदार खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून ती डगमगत नाही. पण पीळ उजवा असेल तर गोळीचे टोक किंचित उजवीकडे कलते आणि हवा तिला त्याच बाजूला रेटते. हजार मीटरवर हे सरकणे साधारण वीतभर भरते. शिवाय गोळी हवेत असते त्या दीड-पावणेदोन सेकंदांत पृथ्वीही फिरतच असते. त्यामुळे उत्तर गोलार्धात गोळी उजवीकडे गेलेली दिसते: पॅरिसच्या अक्षांशावर सुमारे 9 सेंटिमीटर, मुंबईच्या अक्षांशावर 4. दक्षिण गोलार्धात हीच ओढ डावीकडे. म्हणजे आपल्या गोलार्धात उजव्या पिळाला बेरीज आणि डाव्या पिळाला वजाबाकी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री डाव्या पिळाची.

कोरिऑलिसने आपले समीकरण पृथ्वीला लावले नाही. तोफगोळा पृथ्वीच्या फिरण्याने किती ढळतो, याचा हिशेब दोनच वर्षांनी त्याच पॅरिसमध्ये प्वासाँने केला. कोरिऑलिस तोवर प्राध्यापकीत आणि 1838 पासून पॉलिटेक्निकच्या अभ्यासक्रमाच्या व्यवस्थेत गुंतला होता. तब्येत साथ देईना. 19 सप्टेंबर 1843 रोजी, अवघ्या 51 व्या वर्षी तो गेला. फूकोचा प्रसिद्ध लंबक पृथ्वी फिरते हे दाखवू लागला तो 1851 मध्ये. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या 72 नावांत कोरिऑलिसचे नाव आहे. पण त्याच्या नावाचे ‘बल’ सर्वांच्या तोंडी बसले ते विसाव्या शतकात.

त्याला वाटले असेल, आपण गिरणीवाल्याचे काम सोपे करतो आहोत. ते गणित पुढे नेमबाजाच्या वहीत गेले, तसे हवामानखात्यातही. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे ज्या बलाने उजवीकडे वळून नैर्ऋत्येचे होतात आणि कोकणावर पाऊस घेऊन येतात, ते हेच बल. बंदुकीची गोळी आणि मृगाचा पाऊस एकाच सूत्रात बसतात. नेमबाजाला त्यातून 4 सेंटिमीटरची दुरुस्ती मिळते. आपल्याला पीक मिळते. मला विचाराल तर कोरिऑलिसची आठवण जूनमध्ये काढावी.