गणनाकार राधानाथ सिकदार

कॉम्प्यूटर हे एके काळी यंत्राचे नाव नव्हते, हुद्द्याचे होते. कागद, दौत-लेखणी आणि लघुगणकांची कोष्टके घेऊन दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाला सर्वेक्षण खात्यात कॉम्प्यूटर म्हणत. राधानाथ सिकदार हे त्या हुद्द्यावरचे भारतातील सर्वांत नामांकित गृहस्थ.

त्यांचा जन्म ऑक्टोबर १८१३ मध्ये कोलकात्याच्या जोडासांको भागात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. हिंदू कॉलेजात ते डेरोझिओंच्या वर्तुळात वाढले आणि टायटलर या प्राध्यापकांकडे गणित शिकले. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' त्यांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासला. सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांना गोलीय त्रिकोणमिती जाणणारा तरुण हवा होता. १८३१ च्या अखेरीस राधानाथ महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दाखल झाले आणि पुढे देहरादूनला गेले.

या सर्वेक्षणाचा पाया आपल्या नववीच्या भूमितीत आहे. त्रिकोणाचे दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू ठाऊक असेल तर तो त्रिकोण एकच काढता येतो, हीच आपली कोबाको कसोटी. म्हणून एकच रेषा अतिशय काळजीने जमिनीवर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन थिओडोलाइटने घ्यायचे, की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीच्या बाजूने थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. नकाशावाचनाच्या तासाला आपण दोन खुणांचे बेअरिंग घेऊन स्वतःची जागा शोधतो, तो याच कुळातला प्रकार. फरक एवढाच, की आपली पेन्सिल मिलिमीटरभर सरकली तर वर्गात हशा होतो; तिथे एका कोनातली चूक पुढच्या सगळ्या त्रिकोणांत उतरत जाई. ती चूक शोधून वाटून टाकणे हे राधानाथांचे काम. ते त्यांनी इतके उत्तम केले, की त्यांना डेप्युटी कलेक्टरीकडे वळायचे होते तेव्हा एव्हरेस्टनी त्यांना सोडलेच नाही. अतिशय उपयोगी पडण्याचा हाही एक तोटा!

१८४३ मधली देहरादूनची घटना त्यांच्या गणिताइतकीच सांगण्याजोगी आहे. तिथले मॅजिस्ट्रेट व्हान्सिटार्ट यांनी सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरून आपले सामान वाहायला लावले. राधानाथांनी ते सामानच अडवून ठेवले. काळ कंपनी सरकारचा, समोर गोरा मॅजिस्ट्रेट, आणि हे नेटिव्ह नोकर. खटला झाला आणि राधानाथांना २०० रुपये दंड बसला. मात्र वेठबिगारीची गोष्ट कोलकात्याच्या वर्तमानपत्रापर्यंत पोहोचली. मजुरांसाठी नोकरी पणाला लावणारा हा माणूस दिवसभर आकडे मांडणाऱ्यांपैकी होता, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

१८४९ मध्ये ते मुख्य गणनाकार म्हणून कोलकात्याला आले. त्याच सुमारास, १८४९-५० च्या थंडीत, निकोल्सन नावाचा अधिकारी बिहारच्या तराईतून हिमशिखरांचे कोन घेत होता. नेपाळात प्रवेश नव्हता, त्यामुळे '१५ क्रमांकाचे शिखर' सुमारे १०८ ते ११८ मैलांवरूनच पाहावे लागले. एवढ्या लांबून त्याचा उन्नत कोन दोन अंशांच्या जेमतेम वर भरतो. ११० मैलांवर एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तर उंचीत सुमारे १७० फुटांचा फरक पडतो.

शिवाय पृथ्वी गोल. आडवी नजर ही वर्तुळाची स्पर्शिका, आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या तिला लंब. त्रिज्या त, अंतर अ आणि नजरेखाली झाकली जाणारी उंची उ धरली, तर पायथागोरसने
(त + उ)² = त² + अ²
म्हणजे २तउ + उ² = अ². येथे उ² इतके लहान आहे की सोडून देता येते, म्हणून उ = अ² ÷ २त. अ = ११० मैल आणि त = ३,९६० मैल घ्या. १२,१०० ला ७,९२० ने भागले की १.५२८ मैल येतात, म्हणजे सुमारे ८,०६७ फूट! शिखराचा एवढा भाग आडव्या नजरेच्या खाली राहतो. तो मिळवला नाही तर सर्वांत उंच शिखर सामान्य ठरेल. त्यातच हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि शिखर आहे त्याहून वर दिसते. तेवढे वजा करायचे.

हे सारे करून सहा ठाण्यांवरून सहा उत्तरे आली, फुटांत: २८,९९१.६; २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१, २८,९९०.४. बेरीज १,७४,०१३.८ आणि मध्य २९,००२.३. जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. सरासरी नेमकी २९,००० आली आणि कोणाला अंदाज वाटू नये म्हणून दोन फूट वाढवले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. वरची बेरीज करून पाहिली की ती टिकत नाही. गंमत म्हणजे मध्यक काढला तर २९,०००.२ येतो. हरपूरचे २९,०२६.१ हे निरीक्षण एकटेच वर गेलेले आहे. त्याने मध्य ओढला जातो, मध्यकावर मात्र फारसा परिणाम होत नाही. ते वगळले तर मध्य २८,९९७.५ होतो.

२०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३१.७ फूट. सहाच्या सहा उत्तरे तिच्या खालीच आहेत. कोन वाचताना होणाऱ्या कमी-अधिक चुका सरासरीत एकमेकींना खातात, पण प्रकाश किती वाकतो याचा अंदाजच चुकला असेल तर सगळी उत्तरे एकाच बाजूला सरकतात. तिथे सरासरीचा इलाज चालत नाही. तरीही १०० मैलांवरून मोजून ३० फुटांची तूट!

सर्वांत उंच शिखर सापडले म्हणून राधानाथ धावत साहेबांच्या खोलीत शिरले, हे चित्र लोकप्रिय आहे. पण ते तेव्हा कोलकात्याला होते, सर्व्हेयर जनरल वॉ देहरादूनला, आणि तिथेही गणनाकार होतेच. शोधाचे श्रेय कोणाचे यावर अजून वाद चालतो. ज्या गणनपद्धतीने ते आकडे निघाले ती घडवण्यात राधानाथांचा मोठा वाटा होता, एवढे निश्चित. १८५६ मध्ये वॉ यांनी उंची जाहीर केली आणि शिखराला आपल्या आधीच्या साहेबांचे, एव्हरेस्टचे, नाव सुचवले.

१८५२ पासून राधानाथांकडे कोलकात्याच्या वेधशाळेचेही काम आले. १८५४ मध्ये मित्र प्यारीचंद मित्र यांच्यासह त्यांनी स्त्रियांना वाचता येईल अशा सोप्या बंगालीत एक मासिक काढले. १८६२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते गणित शिकवू लागले. लग्न केले नाही. १७ मे १८७० रोजी चंदननगरजवळ गोंदलपाडा येथे त्यांचे निधन झाले.

सर्वेक्षणावरच्या १८५१ च्या सरकारी ग्रंथात गणिताचा महत्त्वाचा भाग त्यांनी लिहिला होता आणि प्रस्तावनेत तसे आभारही होते. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, त्यांचे नाव गेले. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्राने त्यावर कडक टीका केली. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने नैनसिंग रावत यांच्याबरोबर राधानाथ सिकदारांचेही तिकीट काढले.